टिकली तीच, जीव तोच : खेळातून समजणारं प्राण्यांचं जीवनचक्र



मी नवी मुंबईत बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. गटाची बैठक म्हटली की हप्ते, कर्ज, पासबुक, वहीवरच्या सह्या हे सगळं आलंच. पण बैठकीला आणखी काही मंडळी नेमानं येतात आणि त्यांची नोंद कुठल्याच वहीत नसते. ती म्हणजे आपली तीन ते सात वर्षांची मुलं. आई हिशोबात गुंतली की ती कंटाळतात, किरकिर करतात आणि शेवटी कुणाचा तरी मोबाइल त्यांच्या हातात जातो. आज मी त्यांच्याबद्दल बोलणार आहे. पंधरा मिनिटं, दोन-तीन जुन्या ओढण्या आणि थोडं अंगण एवढ्यावर या मुलांना काय काय शिकवता येतं, ते सांगते.

विषय आहे प्राण्यांचं जीवनचक्र. म्हणजे अंड्यापासून सुरुवात होऊन जीव मोठा कसा होतो, त्याचं रूप कसं बदलतं, आणि तो पुन्हा अंडी घालतो किंवा पिल्लू देतो तिथपर्यंतचा प्रवास. तुम्ही म्हणाल, हे तर शाळेत शिकवतीलच, आपल्याला काय त्याचं? पण पावसाळ्यात आपल्या घराघरांत ताप येतो, तो ज्या डासामुळे येतो त्याचं जीवनचक्र आपल्याच पिंपात चालू असतं. कढीपत्त्याच्या झाडावरची अळी दिसली की आपण चप्पल उचलतो, आणि संध्याकाळी त्याच मुलाला बोटानं फुलपाखरू दाखवतो. परसातल्या कोंबड्या, ताटातली गाभोळी, पहिल्या पावसात ओरडणारे बेडूक, सगळीकडे हे चक्र फिरतंच आहे. कुठल्या टप्प्यावर काय करायचं हे ज्याला कळतं, तो डासाला वेळेवर अडवतो आणि फुलपाखराला वेळेवर सोडून देतो. हे कळायला लहान वय अगदी योग्य आहे.

तक्त्यातले चार प्राणी

अंगणवाडीत किंवा पहिलीच्या वर्गात तुम्ही तो तक्ता पाहिला असेल. गोल काढलेला असतो, त्यात अंडं, अळी, कोष आणि फुलपाखरू अशी चार चित्रं, आणि मध्ये बाण. मोठ्या माणसाला बाण कळतो. चार वर्षांच्या मुलाला मात्र तिथं चार वेगळ्या वस्तू दिसतात. अळी ही अळी आणि फुलपाखरू हे फुलपाखरू. मुलं चारही नावं धडाधडा म्हणून दाखवतात, आपण कौतुक करतो. पण "अळी कुठं गेली?" असं विचारलं तर ती सांगतात, "फुलपाखरानं खाल्ली!" किंवा "उडून गेली." यात मुलाची काही चूक नाही. एकाच जीवाची ही चार रूपं आहेत, ही गोष्ट चित्रातून सांगायला अवघडच आहे.

म्हणून आपण मुलालाच अंडं करायचं, अळी करायचं, कोष करायचं आणि फुलपाखरू करायचं. रूप बदललं तरी मूल तेच राहतं, आणि ते त्याला आतून ठाऊक असतं.

इथं मी एक सोपी युक्ती सांगते. खेळ सुरू करताना प्रत्येक मुलाच्या हातावर एक टिकली लावा. टिकली नको असेल तर पेनानं ठिपका काढा. मूल अंडं असताना टिकली दाखवायची, अळी झालं की पुन्हा बघायची, कोषातून बाहेर आलं की पुन्हा बघायची. "टिकली तीच ना? मग जीव तोच!" एवढं प्रत्येक टप्प्यावर सगळ्यांनी मिळून म्हणायचं. तक्त्यातल्या बाणाचं काम ही टिकली करते.

खेळातून शिकवण्याची ही वाट आपल्या महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ तिथं त्यांच्यासोबत आल्या, आणि पुढे हे काम पालघरकडच्या कोसबाडच्या टेकडीवर वाढलं. वारली पाड्यांवरची मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. विकत आणलेली महागडी खेळणी नव्हती. पानं, बिया, शंख, खडे, माती हेच साहित्य होतं. आज आपण जिला अंगणवाडी म्हणतो तिची मुळं त्या अंगणात आहेत. आपल्यापाशीही अंगण आहे, माती आहे, किडे-पाखरं आहेत. नवी मुंबईत आम्हाला कुंडीतल्या कढीपत्त्यावर भागवावं लागतं, तुमच्याकडे तर अख्खा बांध आहे!

पहिला खेळ : कढीपत्त्यावरचं फुलपाखरू

आधी खरी अळी शोधा. कढीपत्ता किंवा लिंबाच्या झाडाची कोवळी पानं उलटसुलट करून बघा. मोहरीपेक्षाही लहान, पिवळसर गोल अंडं दिसेल. त्यातून निघालेली अळी आधी काळसर-पांढरी, थेट पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. म्हणून पक्षी तिला खायला जात नाहीत. मोठी झाली की ती पानासारखी हिरवीगार होते. तिला डिवचलं तर डोक्यामागून लालसर-नारिंगी शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मुलांना हे फार आवडतं, पण एकदाच दाखवा, पुन्हा पुन्हा छळू नका. आपल्या राज्याचं फुलपाखरूही लिंबाच्या जातीच्या झाडांवरच वाढतं बरं का. 2015 साली महाराष्ट्रानं राणी पाकोळी या मोठ्या काळ्या-निळ्या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला.

एक सावधगिरी. कढीपत्त्यावरची ही अळी बिनकेसांची असते. केसाळ सुरवंट, ज्याला काही भागांत कुसरूड म्हणतात, त्याला मुलांना हात लावू देऊ नका. अंगाला खाज सुटते, पुरळ उठतं.

आता खेळ. मुलांना मोकळं बसवा.

अंडं : गुडघे पोटाशी, डोकं गुडघ्यात. हलायचं नाही. तीन टाळ्या म्हणजे तीन दिवस.

अळी : पोटावर सरपटायचं आणि वाटेत ठेवलेली पानं गोळा करायची. ही पानं म्हणजे तिचं जेवण. अळीचं काम एकच, खाणं. खाऊन खाऊन कातडी तोकडी पडते, मग ती कात टाकते. यासाठी प्रत्येक मुलाला एक जुना सैल शर्ट घाला. "कात टाका!" म्हटलं की शर्ट काढून पुन्हा सरपटायचं. खरी अळी कोष होण्याआधी चार वेळा कात टाकते. चार शर्ट कुठून आणणार? एकच शर्ट चार वेळा घाला-काढा, मुलांना मोजायचीही सवय होते.

कोष : आता भिंतीला टेकून उभं राहायचं, ओढणी खांद्याभोवती पांघरायची आणि डोळे मिटायचे. कढीपत्त्यावरची अळी कोष होताना कमरेभोवती रेशमाचा बारीक धागा घेऊन स्वतःला काडीला बांधून घेते. ही गोष्ट मुलांना सांगा, पण खेळात दोरी वापरायची नाही, आणि ओढणी तोंडावरून किंवा गळ्याभोवती गुंडाळायची नाही. या टप्प्यावर आवाज हळू करा. कोष बाहेरून झोपलेला वाटतो, पण आत अळीचं शरीर मोडून नवं शरीर घडत असतं. मुलांना विचारा, "आत काय चाललंय?" डोळे मिटलेली मुलं जी उत्तरं देतात ती ऐकण्यासारखी असतात.

फुलपाखरू : ओढणी हळूहळू उघडायची. लगेच उडायचं नाही. खरं फुलपाखरू बाहेर येतं तेव्हा त्याचे पंख ओले, चुरगळलेले असतात. ते पसरून वाळायला वेळ लागतो. म्हणून मुलांनी आधी हात पसरून उभं राहायचं, दहापर्यंत मोजायचं, आणि मग अंगणभर उडायचं. शेवटी प्रत्येक फुलपाखरानं एका पानावर एक खडा ठेवायचा. ते त्याचं अंडं.

खऱ्या अळीचा वेगही मुलांना दाखवा. अंड्याला तीन-चार दिवस, अळीला दोनेक आठवडे, कोषाला आठ-दहा दिवस, ऋतूप्रमाणे थोडं कमीजास्त. म्हणजे बैठकीत खेळ खेळलात आणि झाडावर अंडं असेल, तर पुढच्या महिन्याच्या बैठकीपर्यंत त्याचं फुलपाखरू झालेलं असेल. झाडाजवळ एक काडी रोवा आणि रोज सकाळी मुलाला पाठवा. दात घासता घासता बघून येईल. काही अळ्या पक्षी खातील, काही कोष रिकामे निघतील. तेही त्याला बघू दे.

दुसरा खेळ : पिंपातले आठ दिवस

आता डास. हा खेळ पावसाळ्याच्या तोंडावर प्रत्येक गटानं एकदा तरी घ्यावा, अशी माझी विनंती आहे.

डेंग्यू पसरवणारा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. पाण्याचं पिंप, फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, मनी प्लांटची बाटली, टाकलेला टायर, नारळाची करवंटी, एवढं पाणी त्याला पुरतं. मादी पाण्याच्या काठाशी, भांड्याच्या ओल्या भिंतीवर अंडी चिकटवते. ही अंडी फार चिवट असतात. पाणी आटलं तरी कित्येक महिने तशीच टिकतात आणि पुन्हा पाणी भरलं की त्यातून अळ्या निघतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, भांडं घासावं लागतं. अंड्यापासून उडणाऱ्या डासापर्यंत आपल्या हवेत साधारण सात ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात तो याच हिशोबानं. चावते ती फक्त मादी, कारण अंडी घालण्यासाठी तिला रक्त लागतं, आणि हा डास दिवसा चावतो.

खडूनं किंवा रांगोळीनं मोठा गोल काढा. हे पिंप. एक मूल बाहेर, हातात घासणी. ती "पिंपवाली ताई". बाकीची मुलं गोलाच्या रेषेवर उकिडवी बसतील, ही भिंतीला चिकटलेली अंडी. तुम्ही दिवस मोजा.

दिवस एक, दोन : अंडी गप्प.

दिवस तीन ते सहा : अंड्यांतून अळ्या निघाल्या. मुलं गोलात येतील, दोन्ही हात जमिनीवर टेकून पाठ वर करतील आणि वळवळतील. डासाची अळी पाण्यात डोकं खाली आणि शेपटाकडचं टोक वर करून लटकते, कारण त्या टोकातून ती श्वास घेते. मुलं हे करताना हसून हसून लोळतात.

दिवस सात, आठ : कोष. अंगाचा स्वल्पविराम करून बसायचं. हा कोष खात नाही, पण डासाचा असल्यामुळे धक्का लागला की टुणकन पाण्यात खाली जातो.

दिवस नऊ : डास! सगळे गोलाबाहेर पळतात आणि पिंपवालीला चिमटा काढायला बघतात.

पहिला डाव असाच होऊ द्या. पिंपवालीनं काही करायचं नाही. डास सुटले की मुलांना विचारा, "ताईनं कधी यायला हवं होतं?" मुलंच दिवस मोजतात. दुसऱ्या डावात पिंपवाली सातव्या दिवशी येते, "कोरडा दिवस!" म्हणते आणि गोलातल्या सगळ्यांना बाहेर काढते. पण तुम्ही आधीच एक-दोन मुलांच्या कानात सांगून ठेवा की तुम्ही अंडी म्हणूनच रेषेवर चिकटून राहा. पिंपवाली त्यांना विसरली तर तुम्ही ओरडा, "पाऊस आला, पिंप भरलं!" आणि ती अंडी पुन्हा वळवळायला लागतात. तिसऱ्या डावात पिंपवाली भिंतीवरचं एकेक अंडं घासणीनं घासल्याशिवाय हलत नाही.

हा खेळ झाल्यावर मुलांना घेऊन खरंच घरोघरची पिंपं आणि कुंड्या बघा. अळ्या सापडल्या तर पाणी कोरड्या मातीवर ओता, गटारात नको. ज्या टाक्या रिकाम्या करता येत नाहीत त्यांना घट्ट झाकण हवं, नाहीतर तोंडाला कापड बांधा. आरोग्य विभागाकडून गप्पी मासे मिळतात, तेही अळ्या खातात. मात्र ते टाकीतच सोडा. विहीर-तळ्यात, ओढ्यात सोडले तर तिथल्या लहान जीवांना ते खातात.

एक मुलगी घरी गेल्यावर आजीला म्हणाली, "आजी, गुरुवार झाला, पिंप घास, नाहीतर अंडं फुटेल." आपण कितीही फलक लावले तरी घरात अशी आठवण रोज कोण करून देणार?

तिसरा खेळ : शेपूट जिरवणारा बेडूक

जूनचा पहिला मोठा पाऊस झाला की शेतात, डबक्यात एकच गलका सुरू होतो. आपला मोठा बेडूक, म्हणजे त्यातला नर, त्या दिवसांत पिवळाधमक होतो. मुलं घाबरतात, कुणी दगड मारतं. तेव्हाच सांगा की तो ओरडतोय कारण त्याच्या लग्नाचा मोसम आहे. थोड्याच दिवसांत डबक्यात साबुदाण्याच्या लापशीसारखी अंडी आणि मग काळे बेडूकमासे दिसतील.

बेडूकमासा माशासारखाच पाण्यात कल्ल्यांनी श्वास घेतो आणि शेवाळ कुरतडतो. मग आधी मागचे पाय फुटतात, नंतर पुढचे, आणि शेवटी शेपूट नाहीसं होतं. शेपूट तुटून पडतं असं मुलांना वाटतं. तसं नसतं. ते अंगातच जिरतं. त्या दिवसांत बेडकाचं तोंड बदलत असतं, त्याला नीट खाता येत नाही, तेव्हा हे शेपूटच त्याची शिदोरी असतं.

खेळात मुलाच्या कमरेला मागं ओढणी खोचा, हे शेपूट. आधी दोन्ही हात अंगाला चिकटवून, पाय जुळवून नुसतं डोलत पुढं सरकायचं. "मागचे पाय!" म्हटलं की पाय मोकळे, उड्या मारायच्या, पण हात अजून चिकटलेलेच. "पुढचे पाय!" म्हटलं की हात सुटतात. मग दर उडीला ओढणी थोडी थोडी आत खोचत जायची, संपेपर्यंत. शेवटची उडी पाण्याच्या गोलाबाहेर, जमिनीवर. आधी मागचे की आधी पुढचे, हा क्रम मुलं मग कधी विसरत नाहीत, कारण हात बांधलेले असताना उड्या मारायला किती जड जातं ते त्यांनी अनुभवलेलं असतं.

बेडूकमासे बाटलीत भरून घरी आणू नका. डबक्याच्या काठीच मुलांचा हात धरून बघा.

चौथा खेळ : एकवीस टाळ्या

ज्या गटांनी परसातलं कुक्कुटपालन घेतलं आहे त्यांना हे सगळं पाठच आहे. कोंबडीचं अंडं उबवायला एकवीस दिवस लागतात. कोंबडी दिवसातून कितीतरी वेळा अंडी चोचीनं फिरवते, म्हणजे पिल्लू एका बाजूला चिकटत नाही. सातव्या दिवशी अंधारात अंड्याखाली बॅटरी धरली तर आत लाल शिरांचं जाळं दिसतं. ते एकदा मुलाला दाखवा. मग ते अंडं तो कधी फोडणार नाही.

खेळ : मुलं अंडी होऊन आडवी, एक मूल कोंबडी. तुम्ही एकवीस टाळ्या वाजवा, दर टाळीला कोंबडी एकेका अंड्याला कुशीवर वळवेल. विसाव्या टाळीला आतून "चिव चिव", एकविसाव्याला नाकानं टोचत टोचत कवच फोडायचं. आता विचारा, "अळीसारखं हिचं रूप बदललं का?" नाही. पिल्लू पहिल्या दिवसापासून कोंबडीसारखंच दिसतं. सगळ्या जीवांची गोष्ट एकसारखी नसते, हे मुलं इथं शिकतात.

पाचवा खेळ : गाभोळी आणि जाळं

नवी मुंबईच्या गावठाणांत आगरी-कोळी घरं आहेत. दिवाळे, सारसोळे, करावे, वाशीगाव इथल्या मुलांना गाभोळी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. मासा चिरताना आईच्या विळीवर ती दिसते. ती माशाची अंडी आहेत, एका माशात हजारोंनी, हे तेवढ्यात सांगून टाकायचं. इतकी अंडी कशाला? कारण बहुतेक पिल्लं मोठी होण्याआधीच कुणीतरी खातं.

पावसाळ्यात पुष्कळ मासे अंडी घालतात. म्हणूनच आपल्या राज्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून होड्या पुन्हा जोमानं निघतात. आपल्या जुन्या माणसांनी जपलेला रिवाज आणि आजचा नियम इथं एकाच वाटेनं जातात. ठाणे-रायगडच्या ओढ्यांत पहिल्या पावसाला वलगणीचे मासे चढतात, तेही अंडी घालायलाच निघालेले असतात.

खेळ असा. दोन मुलं हात धरून जाळं होतील. पाच-सहा मुलं मासे, बाकीची बाहेर रांगेत. अंगणाच्या टोकाला एक टोपली. जो मासा टोपलीला हात लावून येईल त्यानं अंडी घातली. तो रांगेतलं एक मूल मासा म्हणून आत आणेल. जाळ्यात सापडेल तो बाद. पहिल्या डावात जाळं सुरुवातीपासूनच धावेल. दोन मिनिटांत अंगण रिकामं होतं. दुसऱ्या डावात तुम्ही वीस मोजेपर्यंत जाळ्यानं बसून राहायचं. हा बंदीचा काळ. मग जाळं सोडा. या वेळी जाळ्याला मासेही मिळतात आणि अंगणात मासे उरतातही. कुठल्या डावात जास्त मजा आली, हे मुलांनाच विचारा.

अर्ध चक्र इथं, अर्ध तिथं

आमच्या ठाणे खाडीत हिवाळ्यात हजारो रोहित पक्षी म्हणजे फ्लेमिंगो येतात आणि उन्हाळाभर दिसतात. ही खाडी 2015 साली अभयारण्य झाली आणि 2022 साली तिला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. ऐरोलीच्या किनारी जैवविविधता केंद्रातून होडीनं जाऊन ते बघता येतात. पण त्यांचं पिल्लू मात्र आमच्या मुलांना इथं दिसत नाही. गुजरातेत कच्छच्या रणात चिखलाचा ढीग करून त्यावर रोहित साधारण एकच अंडं घालतात. पिल्लू राखाडी असतं. खाण्यातल्या शेवाळामुळे आणि बारीक कोळंबीसारख्या जीवांमुळे त्याला पुढे दोन-तीन वर्षांत गुलाबी रंग चढतो.

अंगणाच्या एका टोकाला "कच्छ", दुसऱ्या टोकाला "खाडी" लिहा. राखाडी ओढणीवाली पिल्लं कच्छहून निघतील, खाडीत खातील आणि गुलाबी ओढणी घेऊन परत जातील. मग एकदा खाडीचं टोक पाटांनी, खुर्च्यांनी भरून टाका आणि म्हणा, "आता उतरा!" पिल्लं कुठं उतरणार? हे आमच्याकडच्या मुलांना लगेच कळतं, कारण त्यांच्या डोळ्यांदेखत पाणथळ जागा भराव टाकून बुजवल्या गेल्या आहेत. तुमच्या गावात पाझर तलाव, ओढा, माळ असेल. तिथं कोण पाहुणा येतो ते बघा आणि त्याचा खेळ करा.

खेळ घेताना लक्षात ठेवायच्या चार गोष्टी

तीन-चार वर्षांच्या मुलांना एका वेळी एकच प्राणी द्या. त्यांनी नुसती नक्कल केली तरी पुरे. पाच-सहा वर्षांची मुलं क्रम सांगू शकतात. त्याहून मोठ्यांना "का?" विचारा. खेळ दहा-पंधरा मिनिटांत थांबवा, मुलं अजून मागतायत तोवर.

धावता येत नाही असं मूल असेल तर त्याला दिवस मोजायला, टाळ्या वाजवायला द्या. कोष तर बसूनही होतो. कुणालाही बाजूला बसवून ठेवू नका.

शब्द घरचे वापरा. तुमच्याकडे बेडकाला, अळीला जे नाव असेल तेच आधी येऊ द्या, पुस्तकातलं नाव मागून कळेल.

आणि मुलांच्या प्रश्नांना घाबरू नका. खेळ झाला की कुणीतरी विचारतंच, "आई, मी पण अंडं होतो का?" त्याला रागवू नका, हसून उडवूनही लावू नका. "तू आईच्या पोटात अगदी ठिपक्याएवढा होतास, नऊ महिने तिथंच वाढलास," एवढं उत्तर त्या वयाला पुरतं. दुसरा प्रश्न येतो, "अंडं घातल्यावर फुलपाखरू कुठं गेलं?" खरं तेच सांगा. फुलपाखरू फार दिवस जगत नाही, ते मरतं. त्याची अंडी पानावर असतात. ज्या घरात नुकतेच आजोबा गेलेत, त्या घरातल्या मुलाला हे उत्तर हवं असतं, आणि विचारायला त्याच्याकडे फुलपाखराशिवाय दुसरा शब्द नसतो. अशा वेळी खेळ थांबवून त्याला जवळ घ्या, बोलू द्या.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला अजेंड्यावर हप्त्यांच्या आधी "मुलांचा खेळ, पंधरा मिनिटं" असं लिहा. दर वेळी एका ताईनं खेळ घ्यायचा, पाळीपाळीनं. सुरुवात डासाच्या खेळानं करा, आणि त्याच दिवशी मुलांनाच पुढं घालून वस्तीतली पिंपं बघून या. कढीपत्त्यावर अळी सापडली तर चप्पल खाली ठेवा, मुलाला हाक मारा, आणि त्याच्या हातावर एक टिकली लावा.